गादीतली सरकी

आमच्या गल्लीतल्या गादीवाल्याच्या गादीवर झोप लागली नाही, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान त्याचं स्वतःचं तसं म्हणणं होतं, आणि ते तो इतक्या मोठ्याने म्हणायचा की पलीकडच्या गल्लीतली माणसंही माना डोलवायची. एका न्हाव्याने त्याच्याकडून गादी नेली. जरा पाठ टेकतो म्हणून आडवा झाला तो उठला तेव्हा दुकानात ताटकळलेल्या गिऱ्हाइकांच्या दाढ्या पोटापर्यंत पोचल्या होत्या. पटत नसेल तर त्या दाढीवाल्यांना विचारा. मी खोटं बोलत नाही. कापूस मुळात मूठभर असतो, पिंजला की खोली भरते. तसं मी थोडं पिंजून सांगतो, एवढंच.

माझं छत्र्या दुरुस्तीचं दुकान त्याच्या दुकानाला लागून. मध्ये फळ्यांची भिंत, आणि फळ्यांना अशा ऐसपैस फटी की त्याच्याकडचा कापूस उडून माझ्या चहात पडायचा आणि माझ्याकडची गोष्ट त्याच्या गिऱ्हाइकाच्या कानात. ऊन पडलं की छत्रीवाल्याचे हात रिकामे, तेव्हा वर्षातला बराचसा काळ मी फटीशी डोळा लावून सत्कारणी घालवत असे.

गादीवाल्याकडे दोन आवाज होते. एक धनुकलीचा. माणसापेक्षा लांब लाकडी दांडा, त्याला ताणून बांधलेली तात, आणि तातेवर ठोकळा आपटला की अख्ख्या गल्लीच्या दातांत ‘टँव, टँव’ घुमायचं आणि कापूस हवेत उडायचा. दुसरा आवाज त्याचा स्वतःचा. आयुष्यभर धनुकलीच्या वरताण बोलायची सवय, त्यामुळे धनुकली थांबली तरी हा त्याच पट्टीत बोले. त्यातून गोष्टी सांगायची भारी हौस. त्याची ठेवणीतली गोष्ट म्हणजे मामाच्या घोड्याची. मामा घोड्यावरून निघतो, जंगल लागतं, मग घोडा मान वळवून मागे बघतो, आणि नेमकं तिथे वहिनी म्हणत, “अहो, दोरा संपलाय.” वहिनी म्हणजे त्याची बायको. गाद्यांच्या खोळी त्या मशीनवर शिवत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घोड्याने मागे काय पाहिलं ते जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तर अशा दुकानात एके दिवशी मांजर आलं.

धनुकली जोरात चालू होती, एका गिऱ्हाइकाला घोड्यावर बसवून झालं होतं, आणि मागच्या कापसाच्या ढिगात मला फटीतून एक शेपूट दिसलं. दुसऱ्या दिवशी वहिनींना दोन डोळे दिसले. हातगाडीवाल्याला एक कान दिसला, तोही टोकाला चावलेला. सगळ्यांनी मिळून आम्ही जेमतेम एक मांजर पाहिलं. नाकही वहिनींनीच पाहिलं: सगळं तोंड पांढरं, आणि नाकावर काळा ठिपका, कापसात चुकून सरकी राहून जावी तसा. म्हणून तिचं नाव सरकी पडलं. ती इतकी बुजरी होती की स्वतःची सावली आधी आत पाठवायची, धोका नाही असं सावलीने कळवलं की मग मागून स्वतः यायची.

गादीवाल्याला मात्र ती कधीच दिसली नाही. दूध तो ठेवायचा, ताटली तो धुवायचा, ढिगात तिच्यासाठी खळगा तो करून ठेवायचा. तो वळला की खळग्यात नुसती ऊब. त्याने ते जिवाला लावून घेतलं. जेवताना विचारायचा, आज दिसली का, कुठपर्यंत आली होती, माझ्याकडे बघत होती का. एकदा वहिनी कंटाळून म्हणाल्या, “तुमच्या गादीवर सगळा गाव झोपतो, पण तुमच्या शेजारी कोणाला टिकवेल का? तुमच्या आवाजाने माशीसुद्धा रस्ता बदलते. ती तर मांजर आहे.”

हे त्याला लागलं. तो म्हणाला, एक दिवस ती आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसेल. वहिनी म्हणाल्या, बसली तर तुमची घोड्याची गोष्ट मी शेवटपर्यंत ऐकेन, मध्ये एक शब्द बोलणार नाही. अशी पैज त्या घरात पूर्वी कोणी लावली नव्हती.

गादीवाल्याने माझा सल्ला घेतला. मी त्याला माझ्या एका वाघाशी असलेल्या ओळखीचा दाखला दिला (ती हकिगत इथे लांबेल) आणि दोन नियम सांगितले. बुजऱ्या जनावरासमोर आवाज करायचा नाही. आणि त्याच्याकडे कधीही, चुकूनही, बघायचं नाही.

त्याने धनुकली खुंटीला टांगली ती टांगलीच. कापूस हाताने पिंजायला घेतला, बोटांनी एकेक पुंजका सोडवत. वहिनींच्या मशीनला बंदी आली. त्या दात-ओठ खात हाताने टाके घालू लागल्या. गिऱ्हाईक आलं की गादीवाला ओठांवर बोट ठेवायचा. माणसं कुजबुजत गादी मागायची आणि कुजबुजत भाव करायची. बघता बघता ही साथ गल्लीभर पसरली. शेजारचा लोहार घणाला मऊ चपला घातल्यासारखा तो हळूच टेकवू लागला. भाजीवाली आपला माल कानात येऊन सांगे. दोन शेजाऱ्यांचं कुंपणावरून कडाक्याचं भांडण झालं ते निव्वळ खुणांनी, आणि त्यातल्या काही खुणा मी अजून जपून ठेवल्यात.

आणि ढिगाकडे बघायचं नाही म्हणून गादीवाला मान भिंतीकडे वळवून काम करायचा. कापूस घ्यायचा तर हात मागे, नजर पुढे. असा माणूस लांबून पाहिला तर रुसलेला नवराच वाटे.

पण सरकी जवळ येईना. उलट ढिगात आणखी खोल गेली. पूर्वी शेपूट तरी दिसायचं, आता तेही नाही. दूध कमी व्हायचं, एवढाच काय तो जिवंतपणाचा पुरावा. गादीवाला म्हणे, अजून मी पुरेसा गप्प नाही, आणि श्वाससुद्धा हळू घ्यायला लागला.

त्यातच हेडबाई आल्या.

हेडबाई म्हणजे रस्त्याच्या टोकाच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धा गाव त्यांच्या हाताखालून गेलेला, गादीवालाही. शाळेत तो वर्गापेक्षा वर्गाबाहेरच जास्त उभा असायचा, बोलण्याबद्दल. निवृत्त झाल्यापासून बाईंची झोप उडाली होती. त्यांनी घरात शांतता व्हावी म्हणून घड्याळ बंद केलं, बिजागऱ्यांना तेल घातलं, गळक्या नळाला फडकं बांधलं आणि खिडकीतल्या चिमण्यांना असं काही सुनावलं की त्या बिचाऱ्या दुसऱ्या गावाला राहायला गेल्या. इतकं करून डोळ्याला डोळा नाही. गादीवाल्याची गादी त्यांनी दोनदा परत पाठवली होती. एकदा डावीकडे कठीण म्हणून, एकदा सगळीकडेच इतकी मऊ, की पाठीला कंटाळा येतो म्हणून.

या खेपेला गादी हातगाडीवर घालून त्या स्वतः आल्या आणि दुकानावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘इथे झोप मिळते’. बाप गेल्यावर गादीवाल्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली ती पाटी, पहिल्या कमाईची.

“तुझ्या गादीवर झोप न लागणारा माणूस अजून जन्मायचाय म्हणतोस,” बाई म्हणाल्या. “मी जन्मले आहे. नीट बघून घे. ही शेवटची खेप. यावेळी झोप लागली नाही तर ती पाटी उतरवायची.”

गादीवाल्याने कुजबुजत होकार दिला. बाईंनी भुवया चढवल्या. हा मुलगा कुजबुजतोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. पण त्या निघून गेल्या.

मग त्याने ती गादी उसवली आणि जीव ओतून पुन्हा भरली. म्हणजे कशी? तोंड भिंतीकडे, हात मागे. ढिगातून कापसाचे कवेभर कवळे घ्यायचे, खोळीत कोंबायचे, थोपटायचे, पुन्हा हात मागे. शेवटचा कवळा जरा जड लागला तेव्हा त्याला वाटलं, कापूस दमट असेल. खोळ शिवली. एक कोपरा मात्र नेहमीप्रमाणे हात जाईल इतका उघडा ठेवला. ही त्याच्या घराण्याची पद्धत: गादी काही दिवस वापरून बसली, की त्या तोंडातून आणखी कापूस भरायचा आणि मगच कोपरा शिवून बंद करायचा. हातगाडी आली, गादी गेली.

त्या दिवसापासून ताटलीतल्या दुधावर साय धरू लागली.

गादीवाला रोज ताजं दूध ओतायचा आणि रोज तसंच उचलायचा. शेवटी त्याने नियम मोडून ढिगाकडे बघितलं, मग ढीगच उपसला. खळगा गार होता. तो ढिगात बसून राहिला. कापूस डोक्याला, भुवयांना, मिशांना चिकटलेला. वहिनींनी त्याला एका शब्दाने डिवचलं नाही. यावरून काय ते ओळखा.

अशा वेळी हेडबाई परत आल्या, आणि चक्क हसत आल्या. गाल वर आले होते, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली गेली होती. त्यांनी भर गल्लीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की अशी झोप त्यांना नोकरीत असतानासुद्धा लागत नव्हती. गल्ली दचकली, इतक्या मोठ्याने तिथे बरेच दिवस कोणी बोललं नव्हतं.

“गादीत काय घातलंयस तू? डोकं टेकलं की आत हळूहळू काहीतरी सुरू होतं. घुर्र, घुर्र. शेजारच्या वर्गात पोरं पाढे म्हणतायत असं वाटतं. तेवीसच्या पाढ्यापर्यंत मी टिकत नाही.”

गादीवाल्याची छाती फुगली. फटीतून मला ती फुगताना दिसली, आणि लगेच, छत्रीची कळ दाबल्यासारखी, मिटतानाही दिसली. वहिनींची सुई टाक्यात अडकून राहिली. बाई मात्र आपल्याच आनंदात होत्या. घरातलं दूध कोणीतरी चोरतं, शेजारीण असावी, अशी किरकोळ तक्रार करून त्या म्हणाल्या, “गादी बसली आता. उद्या येऊन कोपरा शिवून टाक.” जाता जाता पाटीकडे बघून त्यांनी मान डोलावली.

बाईंनी कौतुक केल्याची बातमी बाई घरी पोचायच्या आत गावभर झाली. घुरघुरणारी गादी आम्हालाही पाहिजे म्हणून दुकानापुढे माणसं उभी राहिली. एकाला तर जोड हवी होती, एक स्वतःसाठी आणि एक सासूसाठी, सासूची जरा मोठ्याने घुरघुरणारी.

आम्ही तिघं आत बसलो. माझं मत सरळ होतं. गप्प बसावं. पाटी वाचली, बाई झोपल्या, मांजराला दूध मिळतंय. खरं सांगितलं तर झोप गादीची नव्हती हे उघड होईल आणि पाटी खाली येईल. उलट आणखी मांजरं धरून आणली तर धंदा वाढेल, असंही मी सुचवलं. ते वहिनींनी नजरेनेच परत पाठवलं.

गादीवाला बराच वेळ बोटांनी कापूस सोडवत राहिला. मग म्हणाला, “पाटीचं राहू दे. तिला तिथे बरं वाटत असेल तर? मी इतका गप्प राहिलो, तरी माझ्याकडे आली नाही. बाईंकडे मात्र लगेच रमली.”

 वहिनी उठल्या आणि त्याची खुंटीवरची धनुकली पुसून ठेवली. भरायचा कापूस ऐनवेळी तिथेच पिंजावा लागे, आणि एवढा हाताने पिंजून होणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बाईंच्या घरी गेलो. त्याच्या खांद्यावर धनुकली, माझ्या डोक्यावर कापसाचं पोतं, वहिनींकडे दाभण आणि दोरा. दाभण त्यांनी स्वतःच्या हातात ठेवली होती. आत जीव असताना कोपरा शिवला जाऊ नये म्हणून. घर असं शांत होतं की माझ्या गुडघ्याची कुरकुर ऐकून मीच दचकलो.

गादीवाल्याने कोपऱ्यातून हात आत घातला आणि ओरबाडलेला बाहेर काढला. त्या ओरखड्याकडे तो असा बघत होता जसा कोणी बक्षिसाकडे बघतो. मग तो बाईंपुढे उभा राहिला, शाळेत राहायचा तसा, हात मागे बांधून.

“बाई, ही झोप माझ्या गादीची नाही. आत मांजर आहे. चुकून भरलं गेलं. पाटी मी आज उतरवतो.”

बाईंनी गादीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. शेजारणीबद्दल आपण काय काय बोललो ते त्यांना आठवलं असावं, कारण त्या थोड्या लाल झाल्या. मग त्यांनी उलटतपासणी घेतली. मांजर तुझं कशावरून? कधी मांडीवर घेतलंस? कधी हात लावलास? निदान कधी पाहिलंस? प्रत्येक प्रश्नाला नकार. “मग तुझं कसं?” त्या म्हणाल्या. “ते आपणहून बाहेर येऊन ज्याच्याकडे जाईल त्याचं.”

हे न्यायाचं होतं. आम्ही सगळे गादीभोवती गप्प बसलो. दूध ठेवलं. गादीवाल्याने कुजबुजत साद घातली, बाईंनी ओठ न हलवता साद घातली. गादीतून कापूससुद्धा हलला नाही. ती शांतता इतकी वाढली की मला माझी नखं वाढताना ऐकू येऊ लागली.

शेवटी गादीवाला उठला. म्हणाला, “राहू दे. तिला इथली शांतता मानवली आहे. ती तुमचीच, बाई. मी कापूस भरतो, कोपरा उघडाच ठेवतो, तिला यायला-जायला.” आणि पोतं ओढत व्हरांड्यात गेला.

तिथे त्याने धनुकली टांगली, मांडी घालून बसला आणि ठोकळा उचलला. कितीतरी दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्या पहिल्या ठोक्यात होतं. टँव! बाईंच्या कपाटातल्या कपबश्यांनी साथ धरली. टँव, टँव! कापूस उडाला. आणि धनुकली सुरू झाल्यावर त्याचं तोंड बंद राहणं शक्यच नव्हतं. दुःखात असला तरी सवय ती सवय. धनुकलीच्या वरताण, जुन्या पट्टीत त्याने सुरू केलं, “तर आमचा मामा घोड्यावर बसला...”

गादीच्या कोपऱ्यातून एक चावलेला कान बाहेर आला.

मग काळा ठिपका, मग मिशा. मामा गावाबाहेर पडला तोवर सरकी पूर्ण बाहेर होती. ते मांजर इतकं सलग मी पहिल्यांदाच पाहिलं. सावलीला पुढे पाठवायचंही तिने मनावर घेतलं नाही. शेपूट उभं करून, उडत्या कापसातून, थेट आवाजाच्या दिशेने चालत गेली, गादीवाल्याच्या मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली आणि बसली. घुर्र सुरू झालं, ते बरोबर धनुकलीच्या सुरात.

गादीवाल्याचा हात हवेत थांबला, गोष्ट थांबली. सरकीने लगेच मान वर केली आणि उठू लागली.

“थांबू नका,” वहिनी म्हणाल्या.

त्याने ठोका मारला. मामाने लगाम खेचला. सरकी पुन्हा बसली.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. ती दुकानात आली होती तीच मुळी या गोंगाटासाठी. धनुकली गरजत असली की तिला कोणाची चाहूल घ्यावी लागत नव्हती. तो आवाज म्हणजे तिचं पांघरूण होतं. आम्ही ते काढून घेतलं आणि ती थंडी वाजल्यासारखी ढिगात खोल खोल गेली. माझा वाघाचा सल्ला असा कामाला आला. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, तुमचा तो वाघ बहिरा होता का?”

मी उत्तर देणार तेवढ्यात मागून वेगळाच सूर लागला. हेडबाई खुर्चीत बसल्या होत्या. मान एका बाजूला कललेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड जरासं उघडं. भर दिवसा, टँव टँवच्या दणदणाटात, बाई गाढ झोपल्या होत्या. शाळा, घंटा, पोरांचा कालवा यांत जन्म गेलेली बाई ती. निवृत्त झाल्या आणि घरातला सगळा आवाज वेचून वेचून बाहेर फेकत बसल्या.

वहिनींनी आधी मांजराकडे, मग बाईंकडे पाहिलं. “अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “या दोघींचं दुखणं एकच आहे. तुमच्या गादीत काही खोट नव्हती.”

पाटी उतरली नाही. आता दुपार झाली की हेडबाई छत्री घेऊन (मी दुरुस्त केलेली) दुकानात येतात, दर्शनी गादीवर आडव्या होतात आणि धनुकलीच्या पहिल्या चार ठोक्यांत घोरायला लागतात. कधीकधी सरकी उठून त्यांच्या पायाशी जाते, पण बहुतेक वेळ गादीवाल्याच्या मांडीवरच. गिऱ्हाइकं येतात, वरची पाटी वाचतात, खाली बाईंकडे बघतात आणि काही न विचारता गादी सांगून जातात. घरी बाईंनी घड्याळाला किल्ली दिली आहे, नळाचं फडकं सोडलं आहे, आणि चिमण्यांना परत बोलावण्यासाठी त्या स्वतः दुसऱ्या गावाला जाऊन आल्या असं म्हणतात. असं म्हणतात, म्हणजे मी म्हणतो.

पैजेचं सांगायचं राहिलं. वहिनी शब्दाच्या पक्क्या. बाईंचं दुपारचं येणं सुरू झाल्यावर एक दिवस मशीन थांबवून त्या समोर बसल्या, आणि घोड्याची गोष्ट जगात पहिल्यांदाच शेवटाला गेली. जंगल लागलं. घोड्याने मान वळवून मागे बघितलं. मी फटीला कान लावला होता, डोळा नव्हे.

“आणि मागे बघतो तर काय,” गादीवाला म्हणाला, “मामा नव्हताच. मामा घरी झोपला होता, माझ्या बापाच्या गादीवर. घोडा एकटाच निघाला होता.”

वहिनी बघतच राहिल्या. “एवढंच?”

“एवढंच,” म्हणून गादीवाला समाधानाने गप्प झाला.

दुकानात क्षणभर शांतता पसरली. मांडीवरच्या सरकीने डोळे उघडले, पुढचे पाय ताणले. दर्शनी गादीवर बाईंची पापणी हलली.

वहिनींनी घाईघाईने मशीनचं चाक फिरवलं. “अहो, गप्प काय बसलात,” त्या म्हणाल्या, “पहिल्यापासून सांगा.”